दरवाजा लागत नाही? कॅचला हात लावण्याआधी रोलर बघा

जुन्या ओम्नीचा किंवा ईकोचा सरकता दरवाजा नीट लागेनासा झाला की नव्वद टक्के लोक पहिली चूक एकच करतात. खांबावरच्या कॅचचे, म्हणजे लॉकची जीभ ज्यात अडकते त्या तुकड्याचे, दोन स्क्रू ढिले करतात, कॅच थोडा खाली सरकवतात आणि पुन्हा आवळतात. दरवाजा त्या दिवशी लागतो. दोन महिन्यांनी पुन्हा लागेनासा होतो. कॅच आणखी खाली जातो. शेवटी भोकात जागाच उरत नाही, मग मिस्त्री कानस काढतो. या सगळ्या काळात कॅच जागच्या जागी बरोबरच होता. खाली आला होता तो दरवाजा.

ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ साली तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात २००१ साली वर्सा आली, २०१० पासून ईको आहे. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण ओम्नीसुद्धा बऱ्यापैकी जुनी झाली. तिची आयुष्यभराची नोकरी कोणती, तर शाळेची पोरं, भाजीची क्रेट, केटररची पातेली, नाहीतर आठ माणसांचं कुटुंब आणि देवदर्शन. इंजिन साधं, ते कोणीही दुरुस्त करतो. दाराकडे मात्र ते उघडायचंच बंद झाल्याशिवाय कोणी बघत नाही.

दरवाजा कशावर लटकलेला असतो

सरकत्या दरवाजाला बिजागरी नसते, तीन ठिकाणी रोलर असतात. एक दरवाजाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात, तो पायरीजवळच्या पट्टीत चालतो. एक पुढच्या वरच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला असलेल्या पट्टीत. तिसरा मागच्या बाजूला, गाडीच्या अंगावर बाहेरून दिसणारी जी आडवी पट्टी असते तिच्यात; यालाच मधला रोलर म्हणतात. वजन मुख्यतः खालचा आणि मधला रोलर पेलतात. वरचा फक्त दरवाजाला आत-बाहेर डोलू देत नाही.

पट्ट्या पुढच्या टोकाला आत वळलेल्या असतात. म्हणून दरवाजा बंद होताना शेवटच्या टप्प्यात आत खेचला जातो आणि उघडताना आधी बाहेर येऊन मग मागे सरकतो. सगळ्यात जास्त जोर याच वळणावर येतो, आणि रोलर झिजलाय हे कळतंही इथेच. सरळ भागात दरवाजा छान सरकतो, वळणावर अडकतो किंवा ‘खट्’ करतो, असं असेल तर लॉककडे बघूसुद्धा नका.

तपासायची पद्धत अगदी साधी. गाडी सपाट जागी उभी करा. एक चाक जॅकवर असताना किंवा एक चाक फुटपाथवर चढलेलं असताना दरवाजाच्या फटी बघू नका, बॉडीला पीळ पडलेला असतो. दरवाजा अर्धा उघडा. मागच्या कडेला खालून दोन्ही हातांनी धरा आणि वर उचलून बघा. कडा लगेच वर जाऊन पुन्हा खाली बसत असेल, तर मधला रोलर किंवा त्याचा कंस (ब्रॅकेट) गेलाय. मग हेच पुढच्या कडेला करा. तिथे ढिलेपणा असेल तर खालचा रोलर. वरच्या कोपऱ्याला धरून आत-बाहेर ढकला. तिथे थोडा खेळ असणारच, पण हाताला खडखड लागली तर वरचाही बदला.

यानंतर दरवाजा बंद करून फटी पाहा. समोरच्या दारालगतची उभी फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल किंवा उलट, तर दरवाजा तिरका झालाय. फट सगळीकडे सारखी असूनही लागत नसेल, तरच कॅच, लॉक आणि रबर यांची चौकशी सुरू करायची.

एक लक्षण वेगळं आहे आणि गंभीर आहे. गाडी रिकामी असताना दरवाजा व्यवस्थित लागतो, माणसं बसली की लागत नाही किंवा उघडत नाही. इथे रोलरचा दोष नाही. वजन पडल्यावर बॉडीच वाकतेय, म्हणजे पायरीखालचा पत्रा, त्याच्या आतली पेटी किंवा फ्लोअरची कड गंजून पोकळ झालेली आहे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालून टेकवून दाबा. पत्र्यात घुसलं तर दरवाजा विसरा, आधी वेल्डिंगवाला गाठा. वरून फक्त पुट्टी मारून रंग देणारा माणूस इथे चालणार नाही, कारण या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच तिची ताकद आहे.

रोलर बदलताना

दहा आणि बारा नंबरचा पाना किंवा सॉकेट, मोठा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, जॅक, लाकडाचा ठोकळा, जुनं फडकं, पांढरं लिथियम ग्रीस आणि सोबतीला एक माणूस. सोबत माणूस हवाच. दरवाजा पट्टीतून सुटला तर तो एकट्याला आवरत नाही, पडतो तो पायावर आणि जाताना मागच्या पत्र्यावर ओरखडा काढतो.

आधी पट्ट्या साफ करा. खालच्या पट्टीत काय सापडेल सांगता येत नाही. शेंगांची टरफलं, खडे, हेअरपिना, पेन्सिलीचे तुकडे, वाळलेला चिखल. कित्येकदा ‘रोलर गेलाय’ म्हणून आलेला दरवाजा एक खडा काढल्यावर लोण्यासारखा सरकतो. जुन्या टूथब्रशने खरवडा, फडक्याला थोडं रॉकेल लावून काळं ग्रीस पुसा, पण रॉकेल रबरावर सांडू देऊ नका, रबर फुगतं. मग टॉर्च मारून पट्टी पूर्ण लांबीभर पाहा. कडेला चर पडलेत का, वळणाजवळ पत्रा उमललाय का, तळाला गंजाचे पापुद्रे आलेत का. उमललेल्या पट्टीत नवा रोलर टाकणं म्हणजे पैसे वाया. तो काही दिवसांतच त्याच चरात बसतो.

रोलर एकेकच बदला. तिन्ही सोडून ठेवले की दरवाजा हातात येतो, आणि तो पुन्हा बसवताना अख्खा दिवस जातो. दरवाजा अर्धा उघडा, खालच्या कडेला फडकं गुंडाळलेला ठोकळा आणि त्याखाली जॅक लावा. उचलायचं नाही, फक्त टेकू द्यायचा. बोल्ट सोडण्याआधी कंसाच्या चारी बाजूंनी पेन्सिलीने किंवा जुन्या नेलपॉलिशने खूण करा. ही खूण फार मोलाची आहे. कंसाची भोकं लांबट असतात, त्यावरच दरवाजाची उंची ठरते, आणि खूण नसेल तर नवा रोलर बसवून दरवाजा जुन्यापेक्षा वाईट लागतो.

गंजलेला बोल्ट जोर लावून फिरवू नका. गंज सोडवणारं तेल मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, आधी किंचित आवळून मग सोडा. बोल्टची मुंडी तुटली किंवा आतल्या नटचे आटे गेले, की अर्ध्या तासाच्या कामाचं डेंटरचं काम होतं.

मधल्या रोलरसाठी बाहेरच्या पट्टीच्या मागच्या टोकाचं झाकण आणि स्टॉपर काढून रोलर मागून बाहेर घ्यावा लागतो. झाकणाची प्लॅस्टिकची चिमटी जुनी असली की तुटतेच, रोलरबरोबर ती पण आणून ठेवा. स्टॉपरचं रबर मात्र काढून फेकू नका. ते नसेल तर जोरात उघडलेला दरवाजा शेवटपर्यंत जाऊन धडकतो, आणि मागच्या पत्र्यावर जो उभा पोचा दिसतो तो याचाच.

जुना रोलर हातात घेऊन फिरवा. एका बाजूने चपटा झालेला असेल तर बेअरिंग आधी जाम झालं, मग रोलर न फिरता नुसता घासत राहिला. खालचा रोलर असा मरतो कारण पायरीवरचं पाणी आणि माती थेट त्याच्यावर पडते. माल आणायला गेलात तर जुना रोलर खिशात ठेवा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला दुकानदार नमुना बघूनच काढून देतो, आणि ओम्नीचा माल ईकोला चालेल असं गृहीत धरू नका. घेताना रोलर बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली किंवा चाक आसावर डुगडुगलं तर परत करा. भंगारातला वापरलेला रोलर घेऊ नये. तो ज्या गाडीतून निघाला तीही आपल्या गाडीच्याच वयाची होती. भंगारातून घ्यायचाच तर अख्खा दरवाजा घ्या, तो परवडतो.

नवीन रोलर बसला की बोल्ट हाताने आवळून दरवाजा हळूच बंद करा, फट बघा, एकेक मिलिमीटर सरकवा, मग पक्कं आवळा. आता, आणि आताच, कॅचचा नंबर येतो. आधी कोणी तो खाली ओढलेला असेल तर मूळ जागी आणा. मूळ जागा कळते कशी? कॅचखालच्या रंगात जुना ठसा उमटलेला असतो.

ग्रीस किती लावायचं यावर वाद घालणारे खूप आहेत. पट्टीत बोटाने पुसट थर, एवढंच. गोळा भरलात तर आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. लॉकच्या जिभेवर आणि स्प्रिंगवर ग्रीस, रबरावर सिलिकॉन स्प्रे. घरातलं गोडं तेल कुठेच नाही, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि मग लॉक थंडीत परत येत नाही.

उघडतच नाही, तेव्हा

आतून उघडत नाही पण बाहेरून उघडतो. मिस्त्रीला फोन करण्याआधी दरवाजाच्या कडेवरचा चाइल्ड लॉकचा छोटा खटका बघा. गाडी धुताना किंवा सामान चढवताना तो सरकतो. यासाठी ट्रिम, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडून घेतलेले लोक कमी नाहीत.

बाहेरून उघडत नाही पण आतून उघडतो. हँडल ओढताना हलकं, रिकामं लागत असेल तर आतला रॉड प्लॅस्टिकच्या क्लिपमधून निसटलाय. हँडल जड असेल आणि मधेच अडत असेल तर हँडलचीच आतली दांडी तुटलीय किंवा वाकलीय. क्लिप किरकोळ वस्तू आहे. तिच्या जागी बाइंडिंग वायर पिळून बांधणारे भेटतात. वायर थोडी ढिली होते, रॉड अर्धाच खेचला जातो, आणि नको तेव्हा दरवाजा बंदिस्त होतो. शाळेच्या गाडीत हा जुगाड अजिबात नको.

दोन्हीकडून उघडत नसेल तर बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगवर संशय घ्या. जुन्या गाड्यांमध्ये ती मोटर नंतर बसवलेली असते, स्क्रूवर, पत्र्याच्या पट्टीला. पट्टी वाकली की मोटर अर्धंच अंतर सरकते आणि लॉक ना उघडं ना बंद अशा अवस्थेत राहतं. एकाने दरवाजा बाहेरून आत दाबून धरायचा आणि दुसऱ्याने त्याच वेळी आतला खटका आणि हँडल चालवायचं. रबराचा ताण कमी झाला की जीभ सुटते. उघडल्यावर पुन्हा बंद करून बघण्याचा मोह आवरा, आधी मोटरचा रॉड सोडा.

उलटी तक्रार अशी, की दरवाजा आदळून परत येतो, लागतच नाही. लॉकची जीभ बघा. दरवाजा उघडा असताना ती बंद अवस्थेत गेलेली असते, बहुतेकदा पोराने बोटाने दाबलेली. हँडल ओढून धरा, जीभ मोकळी होऊ द्या, मग लावा. तशीच आदळत राहिलात तर कॅच वाकतो.

लॉकला दोन टप्पे असतात. पहिला ‘टिक’ म्हणजे दरवाजा अडकला, दुसरा ‘टिक’ म्हणजे लागला. पहिल्यावर राहिलेला दरवाजा धावत्या गाडीत खडखडतो, आणि दुसरा टप्पा पकडायला जोर लागतो म्हणून लोक आदळतात. एकदा एक काच उघडी ठेवून लावून पाहा. सहज लागला तर दोष हवेचा आहे, बंद गाडीतल्या हवेला बाहेर जायला वाट नसते. नवीन रबर टाकलं असेल तर पहिले काही दिवस जड लागणारच, रबर दबू द्या.

दरवाजा पूर्ण उघडल्यावर त्याला धरून ठेवणारा खटका असतो, तोही तपासा. गाडीचं तोंड उताराकडे असेल आणि हा खटका झिजला असेल तर दरवाजा आपोआप पुढे येतो. म्हणजे बंद होतो. घाटात थांबल्यावर खांबाला धरून उतरणाऱ्या मुलाची बोटं त्याच जागी असतात. यासाठी मिस्त्रीकडे ‘नंतर बघू’ म्हणू नये.

आणि आतला दिवा. दाराच्या चौकटीतलं बटण गंजून अडकलं की पाच वॅटचा दिवा रात्रंदिवस जळतो. तो साधारण ०.४ अँपिअर खातो, म्हणजे चोवीस तासांत दहा अँपिअर-तास. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी नवी असेल तर तीनेक दिवस, जुनी असेल तर सोमवारी सकाळी गाडी ढकलायची तयारी ठेवा.

पाणी आणि गंज

दारात पाणी शिरतं, ते शिरणारच. काचेच्या कडेने आत गेलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ही भोकं मातीने, नाहीतर गॅरेजवाल्याने मारलेल्या अंडरकोटने बुजतात. मग पाणी साचतं आणि पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत तळाची घडी गेलेली असते. रत्नागिरी, अलिबाग, मालवणच्या गाड्यांमध्ये खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं. मे महिन्यात सायकलच्या स्पोकने भोकं मोकळी करा, काचेच्या बाहेरच्या कडेवर एक तांब्या पाणी ओता आणि ते खाली गळतं का पाहा. गळलं तर ठीक. दरवाजा हलवल्यावर आत डबडब आवाज आला तर अजून बुजलेलंय.

आतल्या ट्रिममागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवणारे तो फाडून टाकतात. नंतर पावसाळ्यात पायाखालची मॅट का ओली होते याचा शोध छतापर्यंत जातो.

डिकी

डिकी हातात धरून उभं राहावं लागतं, म्हणजे तिला वर धरून ठेवणारे शॉकर गेले. हे गॅसचे शॉकर दुरुस्त होत नाहीत. भरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक मेलेला असेल तर डिकीला पीळ पडतो आणि बिजागऱ्या एका बाजूने खेचल्या जातात.

नाशिक, महाबळेश्वरकडचे लोक सांगतात की पहाटे डिकी खाली येते, दुपारी ठीक असते. ते खरं आहे. पस्तीस अंशांवरून दहा अंशांवर आलं की गॅसचा दाब आठ टक्क्यांनी कमी होतो. नव्या शॉकरला त्याचं काही वाटत नाही, मरायला टेकलेला उघडा पडतो. डिकीवर स्पीकर, स्पॉयलर चढवले असतील तर मूळ शॉकर तसेही कमी पडतात. अंदाज घ्या. वीस किलोची डिकी, तिचा भार बिजागरीपासून अर्धा मीटरवर, आणि शॉकरचा आडवा हात (बिजागरीपासून त्याच्या जोराच्या रेषेचं अंतर) फक्त पंधरा सेंटिमीटर. दोन शॉकरना मिळून सुमारे साडेसहाशे न्यूटन (न्यूटन म्हणजे जोर मोजायचं एकक) लावावे लागतात. वरच्या टोकाला दोन किलोचा डबा लावलात की मागणी शंभरावर न्यूटनने वाढते.

शॉकरच्या नळकांड्यावर न्यूटनचा आकडा छापलेला असतो. तो, पूर्ण उघडलेली लांबी आणि टोकाची पद्धत, तिन्ही जुळवा. जास्त न्यूटनचा घालू नका, डिकी बंद करताना पत्रा वाकतो. बदलताना डिकीला लाकडी दांडा लावा, दोन्ही शॉकर काढल्यावर ती थेट डोक्यावर येते. टोकाची तारेची क्लिप बारीक स्क्रू ड्रायव्हरने थोडी उचलली की गोळी सुटते, पूर्ण काढायची गरज नसते. नवा बसवताना डिकी बंद असताना चकचकीत दांडा खालच्या बाजूला येईल असा लावा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. दांड्याला पक्कडीने धरू नका. एक ओरखडा आणि सील गेलं. जुने शॉकर कापू नका, शेकोटीत तर मुळीच टाकू नका, आत दाब असतो.

शॉकर ठीक असूनही डिकी एका बाजूला घासत असेल, तर पुन्हा तोच नियम. लॉक नाही, बिजागरी. डिकी अर्धी उघडून कोपरा वर-खाली हलवा. छताच्या कडेला जिथे बिजागरी बसते तिथला पत्रा फुगलेला दिसला तर गंज आहे, बोल्ट आवळून काही होणार नाही.

खडखड येत असेल तर कॅचच्या दांड्यावर इलेक्ट्रिक टेपचे दोन वेढे देऊन एक फेरी मारा. आवाज गेला तर कॅच ढिला, त्याला किंचित आत घ्या. नाही गेला तर दोन्ही कोपऱ्यांतले रबरी बफर बघा, स्क्रूवाले असतील तर अर्धा-एक फेरा बाहेर काढा. टेप तशीच ठेवायची नाही, ती फक्त निदानासाठी.

डिकीच्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात आणि रोज वाकून तिथेच तुटतात. दिवा किंवा लॉकची मोटर डिकी अर्धी असताना चालते आणि बंद केल्यावर चालत नाही, हे त्याचं लक्षण. नुसतं पिळून टेप मारू नका. दोन्ही बाजूंनी थोडी जास्त मऊ वायर घालून जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी घ्या.

डिकीचं रबर शेवटी, कारण ते सगळ्यात सोपं, आणि त्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो. फट असली की धूळ आत येते, आणि धुळीबरोबर सायलेन्सरचा धूरही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मागच्या सीटवरच्या पोराचं डोकं दुखतं आणि आपण ऊन लागलं म्हणतो. कागदाची पट्टी रबरावर ठेवून डिकी बंद करा आणि ओढा, एक-एक वीत अंतर सोडून चारी बाजूंनी. सहज निसटली तिथे रबर दबून गेलंय. सामान जास्त झालं म्हणून डिकी दोरीने बांधून अर्धी उघडी ठेवून निघायचंच असेल, तर मागच्या सीटवर कोणाला बसवू नका.